घोड्याच्या पट्टीतलं प्यादं

गोरेगाव, ता. सेनगाव
रविवार, १८ ऑगस्ट २०२४

नरसिंग,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशील. ओळखून बाजूला ठेवलंस तरी मी काही म्हणू शकत नाही. पण फोडलंच असशील तर शेवटपर्यंत वाच.

तुझा कळमनुरीचा पत्ता शालूबाईंनी दिला. त्या आमच्या शाळेत खिचडी शिजवतात, तुझी चुलतबहीण हे मला ठाऊक होतं, पण इतक्या वर्षांत विचारायचं धाडस झालं नाही. परवा घरी आल्या तेव्हा विचारलं. कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "सत्तावीस वर्सानं आठवन आली व्हय बाबूजी? पाय मोडला म्हनून?" पत्ता मात्र दिला. तुझं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान बसस्टँडच्या मागं आहे, असं त्यांनीच सांगितलं.

पाय खरंच मोडला आहे. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी महादेवाला बेल वाहून उतरताना ओल्या पायरीवरून घसरलो. घोट्याच्या वर हाड गेलं. दीड-दोन महिने पलंगावर राहायला सांगितलं आहे. नांदेडला शिकणारी माझी लेक, जाई, सुट्टीत आली तेव्हा माझं तोंड बघून म्हणाली, "बाबा, तुम्ही बुद्धिबळ खेळायचे ना? मग परत खेळा." मी म्हणालो, विसरलो. तिनं ऐकलं नाही. कॉलेजातून पट आणि एक पुस्तक घेऊन आली. पुस्तक सगळं डावाच्या शेवटावर आहे. पहिल्या पानावर दोन राजे आणि एक प्यादं. बाकी पट रिकामा.

मला हसू आलं. म्हटलं, यात काय शिकायचं?

नरसिंग, आठवडा झाला, मी अजून त्या तीन मोहऱ्यांतून बाहेर पडलो नाही. आपण दोघं खेळायचो तेव्हा पट भरलेला असेपर्यंतच आपला जीव त्यात असायचा. वजीर गेले, हत्ती गेले, की आपण म्हणायचो, आता काय उरलं. मला आता कळतंय की तिथून तर सुरू होतं. जो राजा डावभर प्याद्यांच्या मागं दडून बसतो, तोच शेवटी एकटा उघड्यावर चालत निघतो, आणि त्याच्याइतकं कामाचं पटावर कुणी नसतं. तो एक घर इकडे उभा राहिला तर जिंकतो, एक घर तिकडे तर काहीच हाती नाही. आणि हे घराघरात आधीच ठरलेलं आहे. आपण बघितलं नाही म्हणून ते नव्हतं असं नाही. मी हे बघतो आणि आमच्या देवळातल्या अंधाऱ्या गाभाऱ्यात पहिल्यांदा डोळे सरावतात तेव्हा जसं वाटतं तसं वाटतं.

जाई माझी चूक रोज पकडते. मी म्हणतो, मी इथं गेलो की तो तिथं जाईल, मग मी इथं, मग तो तिथं, आणि पाचव्या चालीला माझा श्वास संपतो. ती म्हणते, "बाबा, तुम्ही चाल शोधता. आधी चित्र शोधा. तुमचा राजा शेवटी कुठं उभा पाहिजे ते ठरवा. मग तिथून मागं या." माझ्या लेकीनं मला हे एकोणपन्नासाव्या वर्षी शिकवलं.

तुला हिंगोलीचा डाव आठवतो का? आठवत असेल. मी पटाच्या सगळ्या उभ्या पट्ट्यांमध्ये प्यादं ठेवून पाहिलं आहे. घोड्याच्या पट्टीत अजून ठेवलेलं नाही.

अनिरुद्ध


गोरेगाव
रविवार, १ सप्टेंबर २०२४

नरसिंग,

तुझं उत्तर नाही. मी अपेक्षाही केली नव्हती असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. टपालवाला दारावरून गेला की मान उंच करून बघतो.

उद्या पोळा. आज रस्त्यानं तांड्याकडचे बैल नदीवर धुवायला नेत होते, खिडकीतून दिसले, आणि रामसिंगकाका आठवले. तुझे वडील पोळ्याच्या आदल्या दिवशी बैल धुऊन आले की गोणपाटावर कोळशानं पट काढायचे. प्यादी म्हणून चिंचोके, हत्ती म्हणून गोटे. आपण दोघं आठ-नऊ वर्षांचे. "अन्या, पोरगं भटाचं हायेस, पन प्यादं ढोरावानी हाकतोस," असं म्हणून माझा कान धरायचे. मला बुद्धिबळ त्यांनीच दिलं. माझ्या घरात कुणाला येत नव्हतं.

आणि त्यांचा नियम: प्यादं ज्या पट्टीतून पार गेलं, त्याच पट्टीचा मोहरा होणार. हत्तीच्या पट्टीतून गेलं तर हत्ती, उंटाच्या तर उंट, घोड्याच्या तर घोडा. वजीर हवा तर मधल्या दोन पट्ट्यांतूनच जायचं. "ज्याच्या वाटेनं चाललास त्याच्याच घरी पोचशीन," असं ते म्हणायचे. दुसरा नियम जगात असेल हे आपल्याला बावीस वर्षांचे होईपर्यंत ठाऊक नव्हतं.

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात हिंगोलीला स्पर्धा झाली. आपण तेव्हा परभणी जिल्ह्यात होतो. सहा जणांची साखळी, पहिला येईल तो परभणीला जाणार. आमच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष खेळाचे वेडे, त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं की आपल्या भागातला जो परभणीला जाईल त्याला मी शाळेत कारकून म्हणून घेतो. तुला आणि मला दोघांनाही ती जागा हवी होती. आदल्या आठवड्यात सेनगावच्या फाट्यावर चहा पिताना दोघंही तो विषय टाळत होतो.

सकाळी पंचांनी नवे नियम वाचून दाखवले, तेव्हा तुझी जीप रस्त्यात बंद पडली होती. तू धावत आलास, घामानं ओला. पंच म्हणाले, तुझा दोस्त सांगेल. मी सांगितले. हात लावला तो मोहरा हलवायचाच. प्यादं पहिल्यांदा दोन घरं जाऊ शकतं. राजा आणि हत्ती एका चालीत जागा बदलू शकतात. हे तीन सांगितले. प्याद्याचा चौथा सांगायचा राहून गेला.

इतकंच सांगायचं होतं. आता पुस्तकाकडे येतो.

काल एक गोष्ट कळली आणि मी पलंगावर उठून बसलो. दोन राजे समोरासमोर उभे आहेत, मध्ये एकच घर. दोघांपैकी कुणालाच पुढं जाता येत नाही. अशा वेळी ज्याची चाल असते तोच अडचणीत! त्याला हलावंच लागतं, आणि हलला की वाट उघडते. आपण आयुष्यभर समजत आलो की चाल आपली असणं म्हणजे जोर आपला असणं. इथं चाल हेच ओझं. समोरचा फक्त उभा राहतो. मी जाईला हाका मारून बोलावलं, ती हसत होती. म्हणाली, "म्हणूनच विचार करताना आधी विचारायचं: आत्ता चाल त्याची असती तर?" मी कधीच हे विचारलं नव्हतं. कुठल्याच बाबतीत.

तुझी तब्येत बरी असावी.

अनिरुद्ध


गोरेगाव
रविवार, १५ सप्टेंबर २०२४

नरसिंग,

शालूबाई कळमनुरीला बाजाराला जाऊन आल्या. त्यांना मी विचारलं नव्हतं, त्यांनीच आमच्या मोरीवर पातेलं घासता घासता सांगितलं. "दोन्ही चिठ्ठ्या वाचल्या त्यानं. वाचून म्हने, सांगायचं राहून गेलं म्हनतो व्हय? बरं. इतकंच म्हनला. आन मंग पाना घेऊन गाडीखाली गेला."

चार दिवस झाले, ते 'बरं' मला झोपू देत नाही.

राहून गेलं नव्हतं. तिसरा नियम सांगून झाला आणि चौथा जिभेवर होता, तेवढ्यात भिंतीवर फेऱ्यांचा कागद लागला. शेवटच्या फेरीत तुझं नाव माझ्यासमोर होतं. मी स्वतःला म्हटलं, वेळ आली तर सांगू. जोडे काढून खुर्चीवर बसलो, पण सांगितलं नाही. चार फेऱ्या झाल्या, मध्ये दोन वेळा आपण एका डब्यातून भाकरी खाल्ली, तेव्हाही सांगितलं नाही.

शेवटच्या फेरीला मला अर्धा गुण पुरे होता, तुला पूर्ण हवा होता. तू मला हळूहळू आवळत नेलंस. असा सुंदर डाव तू कधी खेळला नव्हतास. शेवटी तुझा राजा आणि घोड्याच्या पट्टीत एक प्यादं, माझा नुसता राजा. तू राजा प्याद्याच्या पुढं आणून ठेवलास. मी घाबरून माझा राजा त्याच्या समोर नेला आणि तेव्हा मी जे बोललो ते तुला शब्दाशब्दानं आठवत असेल. तरी मी लिहितो, कारण माझ्या हातानं ते कागदावर यायला हवं.

मी म्हणालो, "बरोबरी घ्यायची का नरसिंग? घोडा होऊन काय करशील?"

तू पटाकडे बघितलंस. हसलास. म्हणालास, "व्हय की. एकल्या घोड्यानं कुठं मात होऊन राहिली." आणि हात पुढं केलास.

मला ठाऊक होतं की ते प्यादं वजीर होणार आहे. तुला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही हे मला ठाऊक होतं.

महिन्यानं तू देवळात आलास. मी परभणीहून हरून आलो होतो, तरी शाळेत लागलो होतो. तू ओट्यावर बसलास, मी तांब्याभर पाणी आणून दिलं. तू म्हणालास, "अन्या, प्यादं वजीर होत होतं म्हनं. कोन्त्याबी पट्टीत." मी म्हणालो, "होय का? मलाही आत्ताच कळतंय." महादेवासमोर म्हणालो. तू तांब्या तसाच खाली ठेवलास आणि निघून गेलास.

सत्तावीस वर्षं मी त्या शाळेत रजिस्टरं लिहितो आहे. लग्न, घर, जाईचं शिक्षण, सगळं त्या खुर्चीवर बसून झालं. रोज सकाळी पूजा केली आणि एकदाही ही गोष्ट देवाला सांगितली नाही, जणू त्याला ठाऊक नव्हती. रामसिंगकाका गेले तेव्हा मी तांड्याच्या कडेला बाभळीखाली उभा होतो. पुढं आलो नाही.

ती खुर्ची तुझी होती. क्षमा मागायला मला तोंड नाही, पण मागतो.

अनिरुद्ध


गोरेगाव
रविवार, ६ ऑक्टोबर २०२४

नरसिंग,

हे पत्र लिहू की नको यात तीन आठवडे गेले.

मागचं पत्र टाकल्यावर मन हलकं झालं, आणि मी पहिल्यांदा ते प्यादं घोड्याच्या पट्टीत ठेवलं. हिंगोलीचा डाव मांडला. तुझा राजा प्याद्याच्या पुढं, माझा राजा समोर, मध्ये एक घर. चाल तुझी. मला वाटलं होतं, सत्तावीस वर्षांची माझी हार आता डोळ्यांनी बघून घेऊ, म्हणजे तेही देणं फिटेल.

मी तुझ्या बाजूनं खेळलो. जिंकलो नाही. परत खेळलो. वाटलं, चुकतोय. पुस्तक उघडलं. मग जाईला फोन केला, मांडणी सांगितली, पांढरा नरसिंगकाकांचा आणि चालही त्यांची म्हणून सांगितलं. ती दोन क्षण थांबून म्हणाली, "बाबा, ही बरोबरीच आहे. काळ्यानं नीट खेळलं तर पांढरा काहीच करू शकत नाही."

मी फोन ठेवला आणि तोच डाव परत परत मांडत राहिलो. शिलानं, माझ्या बायकोनं, दिवा लावला तेव्हा भानावर आलो.

दोन राजे समोरासमोर, आणि चाल तुझी. ओझं तुझ्यावर होतं, नरसिंग. घाबरून, काही न कळता, मी माझा राजा नेमका त्याच घरात ठेवला होता जिथं तो सुरक्षित होता. तोंड उघडायची गरजच नव्हती. जी वस्तू पटावर माझ्यासमोर पडलेली होती, ती मी चोरून घेतली.

मला हे काय म्हणावं कळत नाही. देवानं माझ्या हाताला योग्य घर दाखवलं आणि त्याच क्षणी मी माझ्या जिभेनं ते नासवलं. औंढ्याला नागनाथाच्या गाभाऱ्यात उतरताना वाकून जावं लागतं. मी तसा वाकलो आहे या चौसष्ट घरांपुढं. इतकी वर्षं हे तिथं होतं. मी गाफील होतो तेव्हाही, खोटं बोलत होतो तेव्हाही.

हे मी सुटका म्हणून लिहीत नाही. कबुली दिल्यावर तीन आठवड्यांनी आरोपी म्हणतो की वस्तू माझीच होती, तर कुणाला राग येणार नाही? पण तुझ्यापासून एकदा मी पटावरची गोष्ट लपवली. ही दुसरी लपवू शकत नाही. तू मांडून बघ. मी चुकत असेन तर दाखव.

अनिरुद्ध


गोरेगाव
रविवार, २७ ऑक्टोबर २०२४

नरसिंग,

तुझं कार्ड आलं. वर पत्ता, खाली एकच ओळ: 'माझा राजा डावीकडे एक घर. तुझी चाल.' कोपऱ्यात ग्रीसचं बोट उमटलं आहे.

मी ते शिलाला दाखवलं. ती म्हणाली, "यात रडण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं, काही नाही.

माझा राजा तुझ्या राजाच्या समोर येतो. मध्ये एक घर.

दिवाळी जवळ आली. मोतीवहिनींना नमस्कार सांग, माझं नाव त्यांच्यासमोर चालत असेल तर.

अनिरुद्ध


गोरेगाव
रविवार, २४ नोव्हेंबर २०२४

नरसिंग,

टपालाला वेळ लागतो म्हणून तू पुजाला फोन करायला लावलास, ते बरं केलंस. तुझी लेक चांगली धीट आहे. "काका, बाबा म्हनतेत प्यादं एक घर समोर. आन म्हनतेत, पाय कसाय?" मी म्हणालो, पाय बरा आहे, काठीनं चालतो, निवडणुकीची ड्यूटी त्यामुळंच टळली, आणि माझा राजा प्याद्याच्या समोर. तिनं ते मागं ओरडून सांगितलं. मागून तुझा आवाज आला, "ठेव म्हनाव." सत्तावीस वर्षांनी तुझा आवाज ऐकला. थोडा जाड झाला आहे.

बुधवारी परत तिचा फोन आला. "अजून एक घर समोर. आन बाबा म्हनतेत, आता घाई करू नका."

म्हणून मी घाई केली नाही. चार दिवस पट तसाच ठेवला. तुझं प्यादं माझ्या राजाच्या नाकासमोर आहे, तुझा राजा त्याच्या मागं तिरका. मला मागं हटायचं आहे आणि मागच्या ओळीत तीन घरं मोकळी आहेत. तुझ्या राजाच्या बाजूचं, कोपऱ्याचं, आणि सरळ मागचं.

पहिल्या दोन्हींत तू जिंकतोस. तिसऱ्यात बरोबरी.

हे तुलाही ठाऊक आहे. तुला ठाऊक आहे हे मला ठाऊक आहे. यावेळी दोघांना सगळे नियम माहीत आहेत.

मी खरं सांगतो, माझा हात कोपऱ्याकडे जात होता. वाटत होतं, जाऊ दे, त्याला जिंकू दे, एकदाचं फिटेल. काल जेवताना शिलाला बोललो. ती म्हणाली, "मग हरा की! इतके दिवस पटाला नैवेद्य दाखवून राहिलात. त्यांना बरं वाटंल, तुमालाही." मी म्हटलं, पण ते खोटं होईल. ती म्हणाली, "कुणाला कळणार आहे?" आणि मग स्वतःच जीभ चावली, कारण मी तुला लिहिलेली सगळी पत्रं टाकायच्या आधी तिनं वाचली आहेत.

आज पहाटे देवळात गेलो. पडल्यापासून पहिल्यांदाच पायऱ्या चढलो, एकेक. बेल वाहिला. काही मागितलं नाही. परत येऊन पटासमोर बसलो आणि जाई सांगते तसं केलं. चाल शोधली नाही, शेवटचं चित्र शोधलं. एका चित्रात तुझ्याकडे वजीर आहे आणि मी तुला दिलेली भीक आहे. तू रामसिंग राठोडांचा मुलगा. तू ती ओळखशील आणि तांब्या परत खाली ठेवशील. दुसऱ्या चित्रात दोघांकडे काहीच नाही, पण जे आहे ते पटानं दिलेलं आहे.

माझा राजा सरळ मागं, एक घर.

आणि नरसिंग, किती विलक्षण आहे हे! समोरून प्यादं येतं, आणि वाचायचं असेल तर बाजूला पळायचं नाही, कोपऱ्यात शिरायचं नाही. सरळ मागं जायचं, त्याच्याकडे तोंड ठेवून. मग तो ज्या बाजूनं येईल त्या बाजूला समोर उभं राहता येतं. मी ही चाल चार दिवसांत शंभर वेळा बघितली आणि प्रत्येक वेळी अंगावर काटा आला.

अनिरुद्ध


गोरेगाव
रविवार, १२ जानेवारी २०२५

नरसिंग,

डाव संपला. तुझा राजा पुढं आला, माझा त्याच्या समोर उभा राहिला. तू प्याद्यानं शह दिलास, मी प्याद्याच्या समोर शिरलो. आणि परवा पुजा फोनवर म्हणाली, "बाबाचा राजा प्याद्याच्या मागं. आन काका, आता तुमाला जायाला घरच न्हाई, आन शह बी न्हाई. बाबा हसून राहिलेत." शह नसताना राजा अडकला की डाव बरोबरीचा; मी पण हसलो. मग फोन तू घेतलास. मी खुर्चीतून उभा राहिलो, पाय विसरून.

"बरोबरी," तू म्हणालास.

"बरोबरी," मी म्हणालो.

मागं कुणी तरी गाडी सुरू करून बघत होतं. मला वाटलं तू तिकडे वळलास. आणि मग तू विचारलंस: "अन्या, एकच सांग. तवा हिंगोलीला, मी हात पुढं केला नसता, खेळत राहिलो असतो, तं हे सरळ मागचं घर तुला सुचलं असतं?"

मी म्हणालो, लिहून कळवतो. तू म्हणालास, "बरं." हे 'बरं' वेगळं होतं, की मला तसं ऐकायचं होतं, कोण जाणे.

दोन दिवस मी या प्रश्नासमोर बसलो आहे. तुला दिसत नाही असं एकच घर आता या सगळ्या प्रकरणात उरलं आहे, आणि ते माझ्या डोक्यात आहे. तिथं मी काहीही ठेवू शकतो. सुचलं असतं असं म्हटलं तर जाई म्हणेल शक्य आहे, पुस्तक म्हणेल बरोबरी आहे, शिला म्हणेल झालं एकदाचं. ती खुर्ची माझीच होती असं ठरेल, फक्त मी ती वाकड्या वाटेनं घेतली इतकंच. उरलेली नऊ वर्षं मी तिच्यावर ताठ बसेन.

पण मला तो दिवस नीट आठवतो. तू पटाकडे बघत होतास, आणि हात पुढं करायच्या आधी, तू काय खेळशील आणि मी काय करीन, हे मी घाईघाईनं मनात खेळून पाहत होतो. तुझं प्यादं येतं, अजून येतं, माझ्या नाकासमोर येतं. आणि मी कोपऱ्यात पळतो. प्रत्येक वेळी कोपऱ्यात. दुसरं काही दिसतच नव्हतं. म्हणून तर तोंड उघडलं.

नाही, नरसिंग. मला सुचलं नसतं. पटावर बरोबरी होती, पण त्या दिवशी, त्या टेबलावर, माझ्याविरुद्ध, तू जिंकला असतास.

हे पत्र टपालात टाकत नाही. उद्या शाळेतून रजा घेतली आहे. सकाळच्या जीपनं हिंगोलीला आणि तिथून कळमनुरीला येतो. तुझ्या दुकानात येऊन हे तुझ्या हातात देईन. तू वाचून होईपर्यंत मी दाराबाहेर उभा राहीन. नंतर तू जे म्हणशील ते.

अनिरुद्ध